पुस्तकात नसलेली राजकन्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही — आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो, अगदी ऑफिसात कुणावर उगाच चिडलो तेसुद्धा. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली. दर वेळी मी चहा टाकायला उठलो, नाहीतर पेपर उघडला. आता तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि रेवाला तर नाहीच. रेवा माझी मुलगी.

गोष्ट तशी लहान आहे. म्हणजे — मोठ्या माणसांना लहान वाटेल अशी. कुणाला लुबाडलं नाही, कुणावर हात उगारला नाही. एका पाच वर्षांच्या मुलीनं चारचौघांत एक गोष्ट सांगितली आणि मी त्यावर एक वाक्य बोललो. एवढंच. मग हे एवढंच इतकी वर्षं का टिकतं?

आधी माझ्याबद्दल सांगतो. टाळाटाळ म्हणा हवं तर.

मी वर्ध्याकडचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ‘जेवून राहिलो’ म्हणालो आणि पोरं हसली. वर्षभरात माझ्या बोलण्यातून ते ‘राहिलो’ गेलं, पुन्हा आलं नाही. बोलणं बदलता येतं. रंगाचं काय करणार? मी काळा आहे. सावळा नव्हे, काळा. गावाकडे मित्र ‘काळ्या’च म्हणत, त्यात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, आणि मलाही त्याचं काही वाटत नसे — असं मी बरीच वर्षं धरून चाललो. पुढे कॉम्प्युटरवाल्यांचे दिवस आले. नोकरी लागली, अमेरिकेची एक वारी झाली, कोथरूडला फ्लॅट झाला. माझं खातं ज्या बँकेत होतं तिथे मंजिरी होती. नारायण पेठेतली. खातं तिथेच राहिलं आणि आमचं लग्न झालं.

तिच्या माहेरची माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, शिकलेली, मोजकं बोलणारी. लग्नाला कुणी विरोध केला नाही. अप्पा — तिचे वडील — एवढंच म्हणाले, “मुलगा हुशार आहे, निर्व्यसनी आहे.” मग जरा थांबून, “तिकडे ऊनही फार असतं म्हणा.” सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर काय केलं असतं?

रेवा झाली तेव्हा दवाखान्यात तिला बघायला सगळे आले. नाकीडोळी आईवर गेलीये, रंग तेवढा बापाचा घेतलान, असं कुणीतरी म्हणालं. पुढे ती चालायला-बोलायला लागल्यावर ‘सावळी आहे, पण तरतरीत आहे’ असं म्हणत. प्रेमानंच म्हणत. त्या ‘पण’शी कुणाचं वैर नव्हतं. माझं होतं, पण ते मी कधी बोललो नाही.

रेवा चार-साडेचार वर्षांची असताना एकदा नारायण पेठेत मुलांचा राजा-राणीचा खेळ चालला होता. सई ही मंजिरीच्या भावाची मुलगी, रेवाहून थोडी मोठी. सई राणी झाली होती आणि रेवा दासी. ओढणीनं वारा घालत उभी होती, अगदी मन लावून. घरी येताना मी सहज विचारलं, तू का नाही झालीस राणी? ती म्हणाली, “राणी गोरी असते ना, बाबा.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रुसवा नव्हता. गवत हिरवं असतं, तशी राणी गोरी असते. कुणी शिकवलं होतं तिला? कुणीच नाही. मीच. दर शनिवारी सकाळी.

माझ्या कंपनीला शनिवार-रविवार सुट्टी. मंजिरीची बँक शनिवारी दुपारपर्यंत चालू. त्यामुळे शनिवारची सकाळ आम्हा दोघांची. मी पोहे करायचो आणि मग आम्ही गॅलरीत चटई टाकून गोष्टी वाचायचो. पुस्तक होतं कुंदाआत्यानं दिलेलं. कुंदाआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. जुन्या पद्धतीचं पुस्तक, जाड कागद, रेघांनी काढलेली चित्रं. त्यातली प्रत्येक राजकन्या गोरीपान. एखादी केतकीच्या पानासारखी, एखादी चांदण्यात न्हालेली. काळी होती ती चेटकीण, आणि राक्षस. हे सगळं मी माझ्या तोंडानं, आवाज लावून, मुलीला मांडीवर घेऊन वाचत होतो. आणि मला ते ऐकू येत नव्हतं. काळ्या माणसाला ऐकू येत नव्हतं — हे तुम्हाला पटेल?

खेळाच्या त्या दिवसानंतर ऐकू यायला लागलं. मग मी वाचताना बदलायला लागलो.

आधी नुसतेच शब्द गाळत होतो. मग एका गोष्टीशी येऊन अडलो, कारण तिच्यातून गोरेपण काढलं तर गोष्टच उरत नव्हती. राक्षस राजकन्येला न्यायला येतो, राजा तिला तळघरात लपवतो. पण राजकन्या इतकी गोरी, की तिच्या अंगाचा उजेड फरशीच्या फटींतून वर येतो. रस्त्यानं जाणाऱ्या राजपुत्राला तो दिसतो. मग तो राक्षसाला मारतो, लग्न वगैरे.

मी काय केलं, राजकन्या काळी केली. सावळी नाही. सावळी म्हटलं की लगेच कुणीतरी समजूत काढतंय असं वाटतं. काळी — तळघरातल्या अंधारासारखी काळी. राक्षस खाली येतो, त्याची मशाल विझते, तो चाचपडतो, आणि ती त्याच्या शेजारून निघून जाते तरी त्याला दिसत नाही. ती पायऱ्या चढते आणि बाहेरून कडी घालते. संपलं. रेवानं विचारलं, “आणि राजपुत्र?” मी म्हणालो, त्याला यायला उशीर झाला.

ती इतकी हसली. पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा ‘वाचलं’. बोट ओळींवरून फिरत होतं, ओळी दुसरंच सांगत होत्या. चित्रात ही पांढरी का, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, रंगवायचं राहिलंय. मग तिनं खडूपेटी आणली आणि राजकन्येला रंगवलं. आधी तपकिरी, मग त्यावर दाबून दाबून काळा. ती गोष्ट आमच्या घरात किती शनिवार चालली, सांगता येणार नाही. रेवाला ती पाठ झाली. तिला एवढंच ठाऊक होतं की ती पुस्तकात आहे. बाबा वाचतो म्हणजे पुस्तकात असणारच.

इथवर मी तुम्हाला बरा वाटत असेन. म्हणूनच इथे थांबायचा मोह होतो.

अप्पांची पंच्याहत्तरी होती. पेठेतला एक छोटा हॉल घेतला होता, दुपारचं जेवण, घरचीच माणसं आणि अप्पांचे काही मित्र. जेवणाआधी नातवंडांनी काहीतरी करून दाखवायचं ठरलं होतं. सईनं श्लोक म्हटले. मग रेवा उभी राहिली, निळा फ्रॉक, हात मागे बांधलेले, आणि माइक नको म्हणून तिनं गोष्ट सुरू केली.

फार छान सांगत होती. माझे थांबे, माझे आवाज, सगळं जसंच्या तसं. आणि मी खुर्चीच्या कडेला सरकलो. कारण पुढे काय येणार हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

“राजकन्या खूप काळी होती,” रेवा म्हणाली. “अंधारासारखी. म्हणून राक्षसाला ती दिसलीच नाही.”

मंजिरीचे श्रीकाका पहिल्या रांगेत होते. ते हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बरोबर आहे. दिसणार कशी.”

हॉल हसला. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मुलांच्या बोलण्यावर हसतात तसंच. रेवाही हसली, तिला वाटलं गोष्ट आवडली. तेवढ्यात कुंदाआत्या उठली. मास्तरकीची सवय. “अगं, असं नाहीये ते. ती गोरीपान असते, तिचा उजेड पडतो. मीच दिलंय ना तुला ते पुस्तक?”

“नाही,” रेवा म्हणाली. “काळीच आहे. बाबानं वाचलंय.” आणि मग सगळ्यांच्या माना ओलांडून तिनं मला शोधलं. “बाबा, सांग ना यांना.”

ती घाबरली नव्हती. हेच मला विसरता येत नाही. तिला खात्री होती. माझ्यावर इतका विश्वास कुणी त्याआधी टाकला नव्हता, त्यानंतरही नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे गोरे चेहरे, प्रसन्न, जेवणाची वाट बघणारे. मी काय बोलायला हवं होतं? ‘हो, मी बदलून वाचतो.’ एवढंच. कुणी काही म्हणालं नसतं. कदाचित कुंदाआत्यालाही आवडलं असतं. पण मला त्या क्षणी दिसलं ते वेगळंच. एक बाप्या, अमेरिकेला जाऊन आलेला, शनिवारी गॅलरीत बसून राजकन्येला काळं करतो. का करतो? आणि मग ‘का’चं उत्तर त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच मिळालं असतं. इतकी वर्षं मी त्यांच्या विनोदांना हसत आलो होतो. ते हसणं खोटं होतं, हे एका वाक्यात कळलं असतं.

मी म्हणालो, “ती ना, मनानं रचते काहीतरी.”

“कल्पक आहे हो,” कुणीतरी म्हणालं. टाळ्या झाल्या. तिला चॉकलेट मिळालं. रेवानं ते घेतलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. रागानं नाही. गणित चुकल्यावर मुलं पाटीकडे बघतात ना, तसं.

तरीही, हे मी सांगायला बसलो ते यासाठी नाही. चारचौघांत माणूस घसरतो. घरी जाऊन सावरता येतं.

मंजिरी मागची आवराआवर करायला थांबली आणि मी रेवाला घेऊन घरी निघालो. स्कूटरवर ती माझ्या पुढ्यात उभी होती. डेक्कनच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, “बाबा, मी खोटं सांगितलं का?”

मी म्हणालो, “नाही गं. विसरली असशील.”

सिग्नल सुटला. बरंच पुढे गेल्यावर ती म्हणाली, “सॉरी बाबा.”

आणि मी — मी म्हणालो, “असू दे. होतं असं.”

माफ केलं मी तिला.

घरी आल्यावर तिनं फ्रॉकही न बदलता पुस्तक काढलं. ते पान उघडलं. वाचता येत नव्हतं अजून, पण शाळेत क शिकवला होता. तिनं विचारलं, “काळी म्हणजे क-ला काना ना?” मी हो म्हणालो. मग ती ओळींवरून बोट फिरवायला लागली. माझ्यासारखंच. क सापडला की थांबायची. “हे?” मी म्हणायचो, नाही, ते ‘कोठार’. “हे?” ते ‘कमळ’. एकेका शब्दाचं मी खरं सांगत होतो. त्या पानावरचा एकही शब्द मी तिला खोटा सांगितला नाही. सगळं पान संपल्यावर ती म्हणाली, “म्हणजे काळी कुठेच नाहीये.”

“नाहीये, बाळा.”

“तू वाचलंच नव्हतंस?”

आम्ही दोघंच होतो. श्रीकाका नव्हते, कुंदाआत्या नव्हती. दार बंद होतं. कुणाची लाज होती? खरं सांगायला मला कुणीही अडवत नव्हतं.

मी म्हणालो, “नाही. मी कधीच तसं वाचलं नव्हतं.”

हे ते. हे मला सांगायचं होतं.

ती खोडरबर घेऊन आली आणि चित्रातला काळा रंग खोडायला लागली. मेणाचा रंग, तो कुठला जातोय. पसरला नुसता. मी कपडे बदलायचं निमित्त करून आत गेलो.

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, पुस्तकात आहे तसंच वाच. मी वाचलं. गोरीपान, केतकीचं पान, चांदणं, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. वर्षभरात स्वतः वाचायला लागली आणि आमचे शनिवार आपोआप संपले.

मुलं विसरतात, असं म्हणतात. मीही तसंच म्हणत होतो स्वतःशी. रेवा आठवीत असताना तिच्या वर्गातली एक मुलगी जिन्यावरून पडली, हात मोडला. तेजल नावाच्या मुलीनं ढकललं असा बोभाटा झाला. रेवा अगदी मागेच होती. त्याच संध्याकाळी तिनं मला सगळं नीट सांगितलं होतं — कुणी ढकललं नाही, चप्पल अडकली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला आणि तिला बोलावलं. बाईंनी विचारलं तशी रेवा म्हणाली, “मला वाटतं ती घसरली. पण नक्की नाही सांगता येणार, बाई. मी मनानं रचते कधीकधी.”

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून म्हणाली. सहज म्हणाली, चष्मा आहे असं सांगावं तसं. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नको? मी बाईंच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. तेजलला आठवडाभर घरी बसवलं. पुढच्या वर्षी ती त्या शाळेत नव्हती.

आता रेवा नोकरी करते, बाणेरला मैत्रिणीबरोबर राहते. चांगली मुलगी आहे, सगळ्यांना आवडते. काही सांगायचं झालं की आधी ‘माझं चुकत असेल’ म्हणते आणि मग सांगते. लोकांना तो विनय वाटतो. मंजिरीला त्याचं कौतुक आहे.

या जानेवारीत ती अनिकेतला घरी घेऊन आली. तिच्याच ऑफिसातला मुलगा, लग्न करायचं म्हणताहेत. जेवताना लहानपणच्या आठवणी निघाल्या आणि रेवानं ती गोष्ट सांगितली. पंच्याहत्तरीची. स्वतःची फजिती म्हणून, हसत हसत. “मी एवढ्या ठामपणे सांगत होते ना, की पुस्तकात आहे. आणि पुस्तकात तसलं काहीच नाही. मला स्वतःला काळी राजकन्या हवी होती, म्हणून डोक्यात तयार केली. बाबाला बिचाऱ्याला तोंडघशी पाडलं सगळ्यांसमोर.”

तिनं सगळं बरोबर जुळवलं होतं. पाच वर्षांच्या मुलीनं केलं असेल तेच तिनं इतक्या वर्षांनी समजूतदारपणे मांडलं. फक्त ते घडलेलं नव्हतं.

अनिकेत माझ्याकडे वळून म्हणाला, “खरंच, काका?”

मंजिरी आमटी वाढत होती. रेवा हसत होती. तोंडात घास होता, तो मी गिळला.

“हो,” मी म्हणालो. “फार कल्पक होती लहानपणी.”

रेवाला ती गोष्ट मी सांगितली होती. काळी राजकन्या माझी होती, मशाल विझणं माझं होतं, बाहेरून घातलेली कडी माझी होती. तिनं त्या हॉलमध्ये एक शब्दही पदरचा घातला नव्हता.